धावड्याचं धुराडं

धावड्याला धुराडं नाही. कधी नव्हतंच. गावात पिठाची गिरणी आहे, वेल्डिंगचं एक दुकान आहे आणि भोकरदनहून येणारी एसटी आहे, जी बारा महिने काळा धूर सोडते. पण मान वर करून बघावं असं धुराडं काही नाही. तरीही नव्याण्णव साली औरंगाबादच्या एका संस्थेतल्या संगणकानं धावड्याला एक धुराडं दिलं, आणि गावानं ते ठेवून घेतलं. फुकट आलेली वस्तू परत करायची पद्धत आपल्याकडं नाही.

संगणकाचं काम तसं साधं होतं. जालना जिल्ह्यावर त्यानं चौकोन आखले होते, गोधडीवर ठिगळं असावीत तसे. ठिकठिकाणी हवा ओढणाऱ्या पेट्या बसवलेल्या. पेटीतल्या कागदावर किती धूळ बसली आणि त्या दिवसांत वारा कुठून कुठं गेला, एवढं त्याला सांगायचं. मग तो उलट्या पावली चालत जायचा आणि कोणत्या चौकोनातून किती धूर निघाला ते सांगायचा. प्रत्येक गल्लीत अशी एक शेजारीण असतेच, जी आपल्या ओट्यावरून न हलता नुसत्या वासावर सांगते की आज कोणाची डाळ करपली. संस्थेत ज्याला ‘मॉडेल’ म्हणत ते संगणकातलं गणित म्हणजे तीच बाई, फक्त विजेवर चालणारी. तिच्यासारखंच तेही कधी ‘मला माहीत नाही’ म्हणत नसे. ते म्हणे, धूर इतका, आणि चुकलंच तर इतका वर किंवा इतका खाली. धूर चुकला तरी चूक बिनचूक सांगे.

अण्णासाहेब त्या संस्थेचे प्रमुख. त्यांनी बेबीनंदाला खोलीत बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांमधून जेवढा धूर निघतो असं आपण धरत होतो ना, तेवढा निघत नाही. त्यातला बराचसा धावड्यातून निघतोय.”

“धावड्यातून?”

“हे बघ. लाल चौकोन. मोठ्या कारखान्याएवढं धुराडं आहे तिथं.”

“सर, तिथं काही नाही. पेटी मीच बसवलीय. स्वच्छ हवा कशी असते ते कळावं म्हणूनच आपण ती जागा घेतली होती.”

“मग आता कळलं ना.”

बेबीनंदा जालन्याची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि या कामावर तात्पुरती लागलेली. तात्पुरतीला दोन वर्षं होत आली होती. तिचे वडील कचरू जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. यंत्रातून लाल सळई सापासारखी बाहेर यायची, ती चिमट्यानं धरून पुढच्या यंत्राच्या तोंडात घालायची, हे त्यांचं काम. शेवटी शेवटी त्यांना श्वास पुरत नव्हता. बसल्या जागी छाती वर यायची, वरच राहायची, आणि घरातले सगळे ती खाली यायची वाट बघत हातातलं काम थांबवायचे. ते गेले तेव्हा मिलच्या डॉक्टरनं आजाराच्या कारणापुढं ‘तंबाखू’ लिहिलं. कचरू सुपारीसुद्धा खात नसत.

कुठल्यातरी दुसऱ्या कागदावर खरं काय ते लिहिलं जावं, एवढ्यासाठी बेबीनंदा धुराच्या नोकरीत आली होती. आणि आता संगणक म्हणत होता की तिच्या बापाच्या छातीतला धूर ऐंशी किलोमीटरवरच्या एका मोकळ्या रानातून आला.

“अहवाल पावसाळ्याच्या आत जाणार,” अण्णासाहेब म्हणाले. “तोवर जाऊन ते धुराडं शोध. सापडलं तर त्याचा फोटो लावू. नाही सापडलं तरी धूर धावड्याच्याच नावावर जाईल. संगणकाचं कसं आहे, त्याला धूर कुठंतरी लिहावा लागतो. हवेत सोडता येत नाही.”

धावड्याच्या फाट्यावर तिला घ्यायला पुंजाराम आले होते. ते शाळेचे शिपाई. पेटीतला कागद दर आठवड्याला बदलून जुना पाकिटात घालून एसटीनं औरंगाबादला पाठवायचं काम त्यांच्याकडं होतं. दोघं मिळून तातेरावांच्या रानात गेले, कारण त्या लाल चौकोनाचा मध्य बरोबर तातेरावांच्या बरडावर येत होता. बरडावर एक बाभूळ होती. बाभळीला एक शेळी बांधली होती. बाकी आभाळ.

तातेराव गावचे सरपंच. बेबीनंदानं त्यांना सगळं नीट सांगितलं. तिला वाटलं, ते हसतील.

“असंल,” तातेराव म्हणाले.

“अहो, असेल कसं? तुम्हाला दिसतंय का इथं धुराडं?”

“दिसत त न्हाई. पण मॅडम, सरकारी कागदावर आमच्या गावाला डांबरी रस्ता हाय. त्याच्यावरूनच तुमी आत्ता चालत आल्या.”

“ती तर नुसती माती होती.”

“मंग? आमी कधी काई म्हनलो का?” त्यांनी बाभळीकडं मालकाच्या नजरेनं पाहिलं. “बरं, मानसं किती लागत्याल त्याला? गावातल्या पोरांना आधी घ्या म्हनावं. भाईरचे आनले तर जमनार न्हाई बिलकुल.”

दुपारपर्यंत बातमी पसरली. पिंपळगाव रेणुकाईचे बद्रीनाथ मोटारसायकलवर आले आणि धुराडं त्यांच्या हद्दीत येतं असं सांगू लागले. दोन गावांच्या मधे केवढं तरी अंतर. पण जे दिसत नाही त्याला शीव कुठली? बाभळीखाली दोघांची अशी जुंपली की शेळी दावं तोडून पळाली. बेबीनंदा मधे पडून सांगत होती की असं काही नाहीच, तेव्हा दोघांनी मिळून तिला गप्प केलं. “मॅडम, हे गावातलं भांडन हाय. तुमी नका पडू.”

महिन्याभरात तर लोक पत्ता सांगताना ‘धुराड्यापासून डाव्या हाताला’ म्हणू लागले. आणि पुंजारामांनी नंतर सांगितलं ते तिला आवडलं नाही. तातेरावांच्या रानात कामाला येणाऱ्या बाया भाकर खायला बाभळीखाली बसायच्या, त्या आता तिथून पलीकडं, भर उन्हात एका जागी बसत होत्या. का, तर तिथं सावलीसारखं गार लागतं.

त्या दिवशी मात्र बेबीनंदा वैतागून शाळेकडं निघाली. पेटी एकदा तपासावी आणि शेवटच्या एसटीनं परतावं असा विचार. दिवस मावळतीला आला होता. शाळेच्या वळणावरच वास आला. गोड, जड, दर्ग्यात येतो तसा. आणि तिला औरंगाबादची प्रयोगशाळा आठवली. धावड्याचं पाकीट उघडलं की तिथंही असाच वास दरवळायचा, आणि अण्णासाहेब म्हणायचे, आपल्या शिपायाची भक्ती फार वाढलीय.

शाळेच्या ओट्यावर पेटी होती. अशा पेटीला पत्र्याचं दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर असतं, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि हवा चारी बाजूंनी शिरते. कंपनीनं ते शास्त्राला धरून केलं होतं. पण दुरून बघणाऱ्याला ती समाधीवरची देवळी दिसायची. पेटीभोवती सडा घातला होता. पुढं खापरात निखारे होते आणि निखाऱ्यांवर लोबान. धूर सरळ छपराखाली शिरत होता. पाच-सात बाया अंगावर पदर घेऊन बसल्या होत्या, कोणाच्या घरी भेटायला जावं तशा.

“पुंजारामभाऊ!” तिचा आवाज चढला. “हे काय? केव्हापासून?”

“पैल्यापासूनच,” पुंजाराम म्हणाले.

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही?”

“तुमी इचारलं न्हाई. तुमी दर खेपी इचारलं, पेटी चालू हाय का. पेटी चालू हाय.”

सगळ्यात पुढं बसलेली म्हातारी वळली. तिचं नाव साळूबाई. “ये माय, बस,” ती म्हणाली. “तूच त सांगितलं व्हतं आमाला.”

“मी? मी काय सांगितलं होतं?”

“ही पेटी लांबलांबची हवा वढून घेती. जालन्यात जे हवंत जातं ते वाऱ्यासंगं हितवर येतं. आन आलं का ह्या कागदावर बसून ऱ्हातं. बराबर?”

बरोबर होतं. पेटी बसवायला आली त्या दिवशी बेबीनंदानं ओट्यावर उभं राहून हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. शास्त्र सोपं करून सांगण्यात एक धोका असतो. लोकांना ते समजतं.

“माझा म्हातारा जालन्यात गेला,” साळूबाई म्हणाली. “मच्छिंद्र. मिलमधी व्हता. सांगावा येऊन मी पोचले तवा त्याला जाळून मोकळे झाल्ते. त्वांड न्हाई पाह्यलं. अखरीचा श्वास त्यानं सोडला जालन्यात. श्वास म्हंजी हवाच ना, माय?”

इतर बायांचंही तसंच होतं. कोणाचा मुलगा, कोणाचा दीर. धावड्यातली माणसं कामाला जालन्याला जायची, आणि काही तिकडंच संपायची. ती परत यायची तर वाऱ्याशिवाय दुसरी गाडी नव्हती. मग त्यांनी आल्यावर आपली जागा ओळखावी म्हणून हा लोबान.

बेबीनंदाच्या घरात देव नव्हते. आजोबांनी छप्पन्न सालानंतर टाक नदीत सोडले, तेव्हापासून घराला भूत-भगत-अंगारा यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, माणसाचा श्वास इतकी वर्षं टिकत नाही. तो विरून जातो.”

“कुटं?”

“हवेत.”

“मंग तेच त मी म्हनून राह्यले.”

पुंजाराम मान हलवत होते. त्यांनीच मग पुढचं सांगितलं. गावात वीज गेली की पेटी बंद पडायची, आणि पेटी बंद पडली की बाया घाबऱ्या व्हायच्या. आपल्या घरातल्या अंधाराबद्दल जन्मात तक्रार न केलेलं गाव एकदा पेटीची लाईट गेली म्हणून थेट तालुक्याच्या वायरमनला जाऊन भिडलं होतं. वायरमननं विचारलं, दवाखान्याची लाईन आहे का? तातेराव म्हणाले, तसंच समजा, पेशंट दम्याचा आहे. तेव्हापासून पेटीचं नावच ‘दमेकरी’ पडलं.

“तुजं कोन व्हतं जालन्यात?” साळूबाईनं एकाएकी विचारलं.

“वडील होते.”

“मिलमधी?”

“हो.”

“मंग तू काऊन लोबान लावत न्हाई?”

“आम्ही नाही मानत ते.”

“नको मानू. न मानता आईक जरा.”

बाया गप्प झाल्या. बेबीनंदानं ऐकलं.

अशीच पेटी औरंगाबादला एकसुरी गुणगुणायची. इथं तसं नव्हतं. इथं आवाज वर चढायचा, घरघरत वरच थांबायचा, आणि आता तुटतो असं वाटत असताना खाली यायचा. परत वर. थांबायचा. खाली. याचं कारण तिला माहीत होतं. गावातलं व्होल्टेज खालीवर होतं, त्याबरोबर मोटार खालीवर होते. पाचवीच्या पोरालाही समजेल असं कारण. ते पूर्ण माहीत असतानाही तिनं आवाज खाली येईपर्यंत स्वतःचा श्वास सोडला नाही.

मग ती पायरीवर बसली. शेवटची एसटी गेली तेव्हा ती तिथंच होती.

सकाळी तिनं साळूबाईपुढं हात जोडले. म्हणाली, मावशी, तुमच्या लोबानानं माझा घोटाळा केलाय. तुमचा धूर कागदावर बसतो आणि संगणकाला वाटतं इथं कारखाना आहे. त्यामुळं जालन्याच्या भट्ट्यांचा धूर कमी धरला जातोय. ज्यांनी मच्छिंद्रमामांना आणि माझ्या वडलांना संपवलं ते सुटतायत. पावसाळ्यापर्यंत लोबान बंद ठेवा.

साळूबाई खापरातली राख काडीनं हलवू लागली. “ते वाट चुकले तर?”

“नाही चुकणार.”

“तू कशावरून म्हन्ती?”

साळूबाईनंच तोड काढली. लोबान बंद, पण दर खेपेला कागद निघेल तो आधी बायांना दाखवायचा. “कोन आलं, कोन न्हाई, आमाला दिसलं पायजे. मंग खुशाल घिऊन जा.” बेबीनंदानं कबूल केलं. तिला वाटलं, लोबान बंद झाला की कागद पांढरा निघेल, धुराडं नाहीसं होईल आणि सगळंच मिटेल.

पुढच्या खेपेला ती स्वतः गेली. ओट्यावर बायांच्या देखत छप्पर उचललं. कागद काळपट राखाडी होता.

“आले,” साळूबाई म्हणाली, आणि बेबीनंदाकडं अशी पाहू लागली की जणू पैज जिंकली. “लोबानाबिगर आले. वाट पाठ झाली त्यांना.”

संगणकातलं धुराडं थोडं बुटकं झालं, पण उभं राहिलं. आणि आता त्याच्या पायथ्याशी काहीच नव्हतं. ना कारखाना, ना लोबान. ते नुसतंच होतं.

याच सुमारास वरच्या खात्याचे एक साहेब जीप घेऊन धावड्याला आले. संस्थेच्या आकड्यांवरून निघालेला, विनापरवाना धुराडं बंद करण्याचा हुकूम त्यांच्याकडं होता. त्यांना बाभूळ दाखवण्यात आली. त्यांनी बाभळीला एक फेरी मारली, वर पाहिलं, खाली पाहिलं. पण हुकूम तो हुकूम. शेवटी त्यांनी बाभळीच्या खोडाला पांढरं कापड गुंडाळलं, गाठीवर लाख ओतली आणि मोहर उठवली. पंच म्हणून तातेरावांनी सही केली. बद्रीनाथ आता म्हणत होते की धुराडं आमच्या हद्दीत कधीच नव्हतं. कागदोपत्री धुराडं बंद झालं.

त्यानंतरच्या आठवड्यात दक्षिणेचा, म्हणजे जालन्याकडचा वारा जोरात सुटला, आणि संगणकात मोहरबंद धुराड्यानं आधीपेक्षा जास्त धूर सोडला.

बेबीनंदाला आता झोपेतही ती घरघर ऐकू यायची. धावड्याचा कागद समोर ठेवून ती प्रयोगशाळेत बसून राहायची. लोबानाचा वास गेला होता. शिल्लक होता तो वास तिच्या ओळखीचा होता. वडील कामावरून येऊन सदरा खुंटीला टांगायचे तेव्हा खोलीभर व्हायचा तो. तिला हे शास्त्र वाटलं नाही, म्हणून तिनं ते कोणाला सांगितलं नाही. तिनं कागदाचा तुकडा पाण्यात भिजवला, पाणी गाळून घेतलं आणि त्यात एका क्षाराच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. कॉलेजात शिकलेली चाचणी होती. पाण्यात गंधकाचा क्षार असेल तर ते पांढरं होतं.

पाणी दुधासारखं पांढरं झालं.

ती भांडं घेऊन तशीच अण्णासाहेबांच्या खोलीत गेली.

“सर, भट्टीत तेल आणि कोळसा जळतो, त्यातलं गंधक वायू होऊन निघतं. जालन्यात निघताना तो डोळ्यांना दिसत नाही आणि कागदावर बसत नाही. वाटेत त्याला ऊन लागतं, ओल लागते, आणि काजळीला धरून त्याचे कण होतात. धावड्यापर्यंत पोचतो तेव्हा तो बसतो. दूध जालन्याचं आहे, दही धावड्यात लागलं. आपल्या मॉडेलला विरजण माहीत नाही, म्हणून त्यानं धावड्यात म्हैस बांधली.”

अण्णासाहेबांनी भांडं उजेडात धरून पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. “पटतंय,” ते म्हणाले. “पण ही क्रिया मॉडेलमध्ये घालायची तर अर्धा डझन नवे आकडे लागतील, आणि त्यातले बरेच अजून कोणालाच माहीत नाहीत. मग चुकीची मर्यादा इतकी फुगेल की धूर जालन्यातून आला की जपानमधून, तेही सांगता येणार नाही. मिलवाले तेवढीच ओळ वाचून दाखवतील सगळीकडं.”

“मग खोटं लिहायचं, पण ठाम?”

“आपण त्याला ‘सध्याच्या माहितीनुसार’ म्हणतो.” त्यांनी चष्मा काढला. “एक सांगू? जालन्याच्या सगळ्या भट्ट्या आठवडाभर बंद ठेव. तेवढ्यात धावड्याचा कागद पांढरा आण. वारा मात्र दक्षिणेचाच पाहिजे. मी डोळे मिटून सही करतो.”

हे त्यांनी नाही म्हणण्याच्या ऐवजी म्हटलं होतं. पण मे महिन्यात विजेच्या दरावरून मिलमालक आणि वीजवाले यांचं फाटलं, आणि मालकांनी निषेध म्हणून सगळ्या भट्ट्या बंद ठेवल्या. बेबीनंदाची आई उषाबाई सकाळी अंगणात आली आणि वर बघून म्हणाली, “आज आभाळ कुनाचं हाय गं हे?” त्यांच्या वस्तीला आभाळाचा हा रंग माहीतच नव्हता. बेबीनंदानं अंगणातल्या तारेवर वाळत घातलेलं लुगडं पाहिलं. ते उत्तरेकडं फडकत होतं. तिनं पिशवी उचलली आणि भोकरदनची गाडी धरली.

धावड्यात तिनं नवा कोरा कागद लावला. आठवडाभर वारा दक्षिणेचाच राहिला, आणि तीही तिथंच राहिली, साळूबाईच्या घरी. साळूबाईनं तिला भाकरी-ठेचा घातला, आणि रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर जाऊन बसल्या. पहिल्याच संध्याकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. साळूबाईनं पेटीच्या पत्र्याला कान लावला.

“आवाज कुटं गेला?”

आवाज होता. पेटी चालू होती. पण ती एकसुरी गुणगुणत होती, औरंगाबादसारखी. वर चढणं नाही, थांबणं नाही.

“पुंजारामभाऊ, लाईट कशी आहे आज?” बेबीनंदानं विचारलं.

“एकदम फुल्ल. दोन दिस झाले, बल्ब बघा कसा पेटून राह्यला. जनम गेला, आशी लाईट पाह्यली न्हाई.”

जालन्याच्या भट्ट्या बंद. त्या खात होत्या ती वीज शिल्लक, म्हणून गावाला पुरतं व्होल्टेज. पाचवीच्या पोरालाही समजेल असं कारण. बेबीनंदानं ते बायांना सोपं करून सांगितलं नाही. एकदा ती चूक झाली होती.

आठवडा भरला त्या सकाळी ओट्यावर अख्खं गाव जमलं. तातेरावांनी धुतलेला सदरा घातला होता. बेबीनंदानं छप्पर उचललं, चौकट काढली, कागद दोन बोटांनी धरून उन्हात आणला.

कागद पांढरा होता. कडेला थोडी मातकट झाक, बाकी लावला होता तसाच.

तिला ओरडावंसं वाटलं. जमलं होतं. हातातला कोरा कागद म्हणजे सगळा लेखी पुरावा होता; तंबाखू नाही, धावडं नाही, बाभूळ नाही. भट्ट्या बंद, धूर बंद. मच्छिंद्रमामांचा धूर आणि तिच्या बापाचा धूर, दोघांचा पत्ता ठरला होता. ती हसत वळली.

साळूबाई कागदाकडं पाहत होती. तिनं पुढं येऊन त्यावरून बोट फिरवलं. एरवी बेबीनंदा कोणाला कागदाला हात लावू देत नसे. आज तिनं लावू दिला. साळूबाईनं बोट बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

“कोनीच न्हाई आलं,” ती म्हणाली.

बाकीच्या बाया एकेक करून उठल्या. दारापर्यंत जाऊन घराला कुलूप दिसावं तशा त्या परत गेल्या. मागं पेटी चांगल्या, निरोगी आवाजात चालू राहिली.

“चांगली बातमी हाय ना, मॅडम?” तातेरावांनी हळूच विचारलं.

“हो,” बेबीनंदा म्हणाली. “फार चांगली.”

अण्णासाहेब शब्दाला जागले. त्यांनी सही केली. अहवालात धावड्याचा धूर जालन्याच्या भट्ट्यांच्या नावावर चढला, खाली चुकीची मर्यादा भलीथोरली, पण नाव जालन्याचंच. बेबीनंदानं त्या पानाची झेरॉक्स काढली आणि घरी, ज्या कागदावर ‘तंबाखू’ लिहिलं होतं त्याच्या जोडीला ठेवली. अहवालानं भट्ट्या बंद झाल्या नाहीत. अहवालानं कुठं भट्ट्या बंद होतात? दराचा वाद मिटला आणि मालकांनी त्या पुन्हा पेटवल्या. तातेरावांना मात्र खात्याची नोटीस आली: मोहरबंद केलेलं धुराडं पूर्वपरवानगीशिवाय धावड्याहून जालन्याला हलवल्याबद्दल खुलासा करावा. तातेरावांनी खुलासा पाठवला की ते रात्रीतून आपल्या पायांनी गेलं. खात्यानं तो मान्य केला. बाभळीवरची मोहर तशीच राहिली, आणि बाया अजून भर उन्हातच बसतात.

अहवाल गेल्यावर धावड्याची पेटी काढून आणायची होती. त्या कामाला कोणीही चाललं असतं. बेबीनंदा स्वतः गेली. पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर साळूबाई एकटीच होती. खापर रिकामं, लोबान तिनं शब्दाप्रमाणं बंदच ठेवला होता.

“घिऊन चालली?” तिनं विचारलं.

“हो, मावशी. काम झालं.”

“बस की घटकाभर. चहा पिऊन काढ.”

बेबीनंदा पायरीवर बसली. पेटी गुणगुणत होती. कुठंतरी लांब, ऐंशी किलोमीटरवर, संध्याकाळच्या पाळीनं कामाला हात घातला असावा. शाळेतला बल्ब पिवळा पडला, मग परत उजळला. पेटीचा आवाज वर चढला. घरघरत वर गेला आणि तिथंच थांबला.

दोघीही हलल्या नाहीत.

आवाज खाली आला.

“आले,” साळूबाई म्हणाली.

बेबीनंदाला सगळं माहीत होतं. भट्ट्या चालू, व्होल्टेज खालीवर, मोटार खालीवर. यात न समजण्यासारखं काही नव्हतं, आणि यात आनंद मानण्यासारखंही काही नव्हतं. पाना-पकड पिशवीतच होते. तिनं पिशवी उचलून पलीकडं ठेवली आणि पायरीवर जरा सरकून बसली, एका माणसापुरती जागा करून.